अळ्या चढेपर्यंत

कॉलेज बंद झालं तेव्हा डॉक्टरीण गादीच्या वळकटीसकट घरी आली. डॉक्टरीण म्हणजे काही डॉक्टर नव्हे. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. पण गल्लीतली पहिलीच पोर असलं काही शिकायला गेली म्हटल्यावर लोकांनी तिला परस्पर बढती देऊन टाकली, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. वसतिगृहाच्या बाईंनी एका दुपारात सगळ्या खोल्या रिकाम्या करायला लावल्या होत्या. आठ-पंधरा दिवसांचा प्रश्न आहे, म्हणाल्या. तेव्हा झाडांना पालवी होती. मग पानगळ झाली, पुन्हा पालवी आली, तरी कॉलेजचं फाटक उघडायचं नाव नव्हतं. गावातली शाळा तेवढी उघडली, ती साथीचे रुग्ण ठेवायला. डॉक्टरीण जिथं पाढे शिकली त्या वर्गात आता खाटा होत्या. तिथं नेलेली काही माणसं परत यायची. काहींचं नुसतं गाठोडं यायचं.

घरचा धंदा रेशमाच्या अळ्यांचा. पुढं राहत्या दोन खोल्या, मागं लांबलचक शेड, आणि दोन्हींच्या मधे एक अंधारी बोळकांडीवजा खोली. शेडमध्ये जाणाऱ्यानं तिथं चपला काढायच्या, ब्लीचिंगच्या पाण्यात पाय बुडवायचे, कोपरापर्यंत हात धुवायचे आणि मगच आतलं दार उघडायचं. बाहेरच्या माणसाला तर शेडचा उंबरा बंदच. साथ आली आणि सगळं गाव हात धुवायला लागलं तेव्हा बाबांना फार गंमत वाटली. "आता सुचलं शहाण्यांना," ते म्हणायचे. "आम्ही अळ्यांपायी जन्मभर धुतोय. आमच्या घरात शिरायची हिंमत आहे का कशाची!" हे ते इतक्यांदा आणि इतक्या मोठ्यानं म्हणून बसले होते, की पुढं अंगात ताप भरला तेव्हा कबूल करायला त्यांची जीभच उचलेना.

डॉक्टरीण त्या मधल्या खोलीत अभ्यास करायची. चुन्याच्या डब्याला मोबाइल टेकवायचा, पालथ्या घमेल्यावर बसायचं आणि एक कान मॅडमकडं, एक कान शेडकडं. आईची हाक कधी येईल याचा नेम नव्हता.

"तुझ्या मागं कसला आवाज येतोय गं?" मॅडमनी एकदा भर वर्गात विचारलं. "कोणी कागद चुरगाळतंय का?"

"नाही मॅडम. अळ्या पाला खातायत."

मोबाइलमधल्या सगळ्या चौकोनांतून पोरी हसल्या. एकीनं तर शहारून खांदे उडवले. त्या दिवसापासून डॉक्टरीण आपला आवाज बंद ठेवून बसायला लागली आणि मॅडमनी काही विचारलंच तर तेवढ्यापुरता चालू करायची. वसतिगृहात या पोरी तिच्या ताटात जेवल्या होत्या, त्याचं तिला जास्त लागलं.

अळ्या शेवटच्या अवस्थेत आल्या तसा घराला श्वास घ्यायला वेळ उरला नाही. करंगळीएवढी अळी या दिवसांत खाते ती बकासुरासारखी. पहाटे तुतीच्या फांद्या छाटायच्या, भारे बांधून डोक्यावरून आणायचे, रॅकवर पसरायचे, खालची लेंडी झाडायची, तोवर वरचा पाला संपलेला असायचा. डॉक्टरिणीची नखं हिरवीगार झाली होती. आईचे खांदे कानांपर्यंत चढून तिथंच आखडले होते. बाबा रॅकवरून फिरताना मलूल पडलेली अळी चिमट्यानं अलगद उचलायचे आणि चुन्यात टाकायचे. त्यांचा हात कधी अडखळत नसे. एकीला वाचवायला गेलं तर अख्खा रॅक जातो, एवढा सरळ हिशेब.

त्या सकाळी आभाळ भरलेलं होतं आणि वारा पडलेला. बाबा भारा घेऊन पुढं चालले होते, ते बांधावर एकदम थांबले. भारा उतरवून त्यावरच बसले.

"काय झालं?" डॉक्टरिणीनं विचारलं.

"ऊन लागतंय."

ऊन कुठं नव्हतंच. ती जवळ जाऊन बसली आणि उगाच लाडात आल्यासारखा तिनं त्यांचा हात हातात घेतला. श्वास मोजायचा तर माणसाला कळू द्यायचं नाही, कळलं की तो श्वास बदलतो, नाडी बघतोय असं दाखवायचं आणि डोळे छातीवर ठेवायचे, हे मॅडमनी शिकवलं होतं. तिनं मोजलं. मनगट गरम होतं आणि छाती भात्यासारखी चालली होती.

"बाबा, अंगात ताप आहे तुमच्या."

"तुझं शिक्षण माझ्यावर काढू नकोस," ते म्हणाले आणि भारा उचलायला उठले. पहिल्या झटक्यात तो उचलला गेला नाही. दुसऱ्या वेळी तिनं हात लावला, तो त्यांनी लावू दिला, आणि याचीच तिला जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी दारात फवारेवाला आला. हा गडी पूर्वी गावाचं पाणी सोडायचा. पाणी उशिरा सोडलं म्हणून बाबांनी त्याला एकदा चारचौघांत चांगलाच झापला होता. आता त्याच्या पाठीवर पंप होता, तोंडापुढं काच होती, मागं टाकी लादलेली गाडी होती आणि हातात कपाळावर रोखून ताप बघायचं यंत्र. गाव त्याला पिस्तूल म्हणायचं. गाडीचा आवाज कोपऱ्यावर ऐकला तेव्हाच बाबा मोरीत गेले होते. ओलं फडकं कपाळावर दाबून धरलं, तोंड पुसलं आणि जांभई देत बाहेर आले.

"घरात माणसं किती?"

"तिघं. तुला माहीत नाही?"

"माहीत असलं तरी विचारायचं असतं." त्यानं पिस्तूल रोखलं. हिरवा दिवा लागला. तो जरासा हिरमुसला, की डॉक्टरिणीलाच तसं वाटलं कोण जाणे. "मागं शेडमध्येही एक हात मारून देऊ का? सरकारी काम आहे, फुकटात होतंय."

"तिकडं नको रे," बाबा घाईनं म्हणाले. "तुझ्या औषधाचे चार थेंब वाऱ्यानं गेले तरी सगळ्या माना टाकतील. शेवटच्या टप्प्यात आहेत."

"मग ताप येऊ देऊ नका. ज्या घरात ताप निघेल ते घर आतून बाहेरून फवारायचं आणि दाराला पट्टी मारायची. वरून हुकूम आहे, माझ्या हातात काही नाही."

बाबांनी त्याला हात जोडले. ज्याला झापला होता त्यालाच, आणि गल्लीतल्या सगळ्या खिडक्या बघत असताना. फवारेवाल्यानं ते जोडलेले हात नीट डोळे भरून बघून घेतले आणि मग गाडी पुढं घ्यायला सांगितली.

त्या संध्याकाळी डॉक्टरिणीनं विषय काढलाच. तिघंही पाला पसरत होते. शेड बंद, उबदार, दमट. अळ्यांना तसंच लागतं.

"बाबा, ताप गोळीनं उतरतो. श्वास उतरत नाही. तुमचा श्वास वाढलाय. शाळेत दाखवून येऊ."

"शाळेत दाखवलं की इथं फवारा. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"मग? ही शेड गेली तर तू परत कॉलेजात जाणार ती कुणाच्या जोरावर? तुझ्या त्या मॅडमच्या?" बोलता बोलता त्यांना खोकला आला. रॅकला धरून त्यांनी तो खोकला आतल्या आत दाबला, कारण धक्क्यानं ट्रे हलला असता. "या दिवसांत सगळ्यांचीच छाती भरून येते. अळ्या चढू देत जाळ्यांवर. कोष विणायला बसल्या की त्यांचं त्या बघतील. मग ने मला कुठं न्यायचं तिथं. आणि तोवर मी मलूल पडलोच, तर चिमट्यानं उचल आणि टाक चुन्यात."

हसले ते एकटेच.

"आई, तू तरी सांग त्यांना."

आई फांद्या सारख्या करत राहिली. साथीच्या सुरुवातीला तिनं आपल्या धाकट्या बहिणीला स्वतः शाळेच्या फाटकापर्यंत सोडलं होतं. मावशी चालत गेली होती, मागं वळून हातही हलवला होता, आणि परत आलं ते तिचं गाठोडं. "अळ्या चढू देत," आई म्हणाली. "मग मी स्वतः घेऊन जाते." डॉक्टरिणीला दोघांचाही राग आला. आणि खरं सांगायचं तर, आपल्याला आता भांडावं लागत नाही याचं थोडं बरंही वाटलं. तिची परीक्षा तोंडावर आली होती.

परीक्षा म्हणजे प्रात्यक्षिक. दवाखाना बंद, वॉर्ड बंद, तेव्हा मॅडमनी तोड काढली होती. घरातलं एक मोठं माणूस मोबाइलसमोर बसवायचं, त्याचा ताप, नाडी, श्वास बघायचा आणि मोठ्यानं सांगायचं. शिवाय तोंडी प्रश्न. जी देणार नाही तिचं वर्ष गेलं. डॉक्टरिणीनं आईला धरून सराव केला होता. आई बसल्या बसल्या पेंगायची आणि तिचा श्वास इतका संथ लागायचा की मोजताना डॉक्टरिणीचाही डोळा लागू बघायचा.

पण परीक्षेच्या दिवशी सकाळीच आई शेडमधून ओरडली, "पिकल्या गं! एक दिवस आधीच पिकल्या!"

उकाड्यानं घात केला होता. अळ्यांनी खाणं टाकलं होतं. अंगं पिवळसर, काचेसारखी झाली होती आणि माना वर करून त्या आधार शोधत होत्या. पिकलेली अळी वेळेत उचलून जाळीवर सोडली नाही तर ती घाणीतच धागा ओकून मोकळी होते. मग सगळ्या हंगामाचं मातेरं. आईनं जाळ्या ओढायला सुरुवात केली. बाबांनी एक जाळी उचलली, नेली. दुसरी उचलली आणि रॅकपाशी खाली बसले. बसले ते उठेनातच. तोंड उघडं ठेवून ते समोर बघत राहिले.

"आता हिच्या परीक्षेला कोण बसणार?" आईनं हातातलं काम न थांबवता विचारलं. "मला तर मान वर करायला फुरसत नाही."

"मी बसतो," बाबा म्हणाले. "नुसतं बसायचंय ना. बसायला कसली ताकद लागते?"

डॉक्टरीण नको म्हणाली, पण तिच्या नको म्हणण्यात दम नव्हता. दुसरं माणूस आणायचं कुठून? बाहेरचं कोणी कोणाच्या दारात उभं राहत नव्हतं. बाबांनी भिंतीला धरून दाढी केली. इस्त्रीचा शर्ट काढून घातला. तापाच्या दोन गोळ्या एकदम गिळल्या आणि म्हणाले, "तुझ्या मॅडमना कळायला नको. पोरीची परीक्षा बापामुळं अडली असं व्हायला नको."

मॅडम दिसल्या त्या थकलेल्या. सकाळपासून पोरी तपासत होत्या. बाबा खुर्चीत ताठ बसले होते, लग्नाच्या फोटोला बसावं तसे.

"तापमान?"

डॉक्टरिणीनं थर्मामीटर काढून मोबाइलसमोर धरला. ताप नव्हता. गोळ्यांनी आपलं काम केलं होतं, कपाळावर घामाचे थेंब होते.

"नाडी?"

"थोडी जलद आहे, मॅडम. ते आताच काम करून बसलेत."

"ठीक. श्वास?"

तिनं मनगट धरलं आणि छातीकडं पाहिलं. शर्टाच्या वरच्या बटणापाशी, गळ्याखालची खळगी दर श्वासाला आत ओढली जात होती. पोट, छाती, खांदे, सगळंच कामाला लागलं होतं. तिनं पूर्ण मिनिट मोजलं. तिसाच्या कितीतरी वर गेलं. तिनं मान वर केली तर बाबा तिच्याकडं बघत होते. त्यांनी भुवया किंचित उचलल्या. सांग की, अशा. भिंतीपलीकडं आई जाळ्या ओढत होती. कोपऱ्यावर फवाऱ्याची गाडी घरघरत होती.

"अठरा," डॉक्टरीण म्हणाली.

"नियमित?"

"नियमित."

मॅडमनी लिहून घेतलं. "आता एक प्रश्न. समज, याच रुग्णाचा ताप असाच नॉर्मल आहे, पण श्वास तिसाच्या वर गेलाय. काय करशील?"

हे तिला पाठ होतं. पाठ असलेलं आपोआप बाहेर येतं, त्याला विचार लागत नाही. "ताप नाही म्हणून गाफील राहणार नाही, मॅडम. रुग्णाला टेकून बसवेन. कपडे सैल करेन. ओठ आणि नखं निळी पडलीत का बघेन. त्याला एकटं सोडणार नाही. मदतीला हाक मारेन आणि ऑक्सिजनची सोय असेल तिथं लगेच हलवेन."

"किती वेळ वाट बघशील?"

"अजिबात नाही."

"शाब्बास! पैकीच्या पैकी देते तुला. सकाळपासून एकीनंही इतकं नीट सांगितलं नाही. बाबा, तुमची मुलगी चांगली नर्स होणार हं."

बाबांना काहीतरी बोलायचं होतं. पण तोंड उघडलं तर खोकला येईल म्हणून त्यांनी नुसती मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मोबाइलवरचा चौकोन गेला आणि त्यांनी आधी वरचं बटण काढलं.

"ऐकलंस? पैकीच्या पैकी."

डॉक्टरीण त्यांची नखं बघत होती. नखांना रंग उरला नव्हता.

"आटपलं का गं?" शेडमधून आईची हाक आली. "ये लवकर, खाली सांडायला लागल्यात!"

"जा," बाबा म्हणाले. "आईला हात दे. मी पडतो जरा."

ती मधल्या खोलीत गेली. चपला काढल्या. एक पाय ब्लीचिंगच्या पाण्यात घातला आणि दुसरा तिला पुढं टाकवेना. आपणच आता बोललेलं तिला शब्दन्‌शब्द ऐकू येत होतं, आणि मॅडमचं शाब्बासही. तिला स्वतःची अशी काही किळस आली की ती तशीच ओल्या पायानं, अनवाणी, घरातून आरपार पळत गल्लीत गेली.

"इकडं या! आमच्याकडं या! माझ्या बाबांना शाळेत न्या!"

गल्लीतल्या खिडक्या धडाधड लागल्या आणि मग फटीएवढ्या उघडल्या. गाडी वळली. फवारेवाला उतरेपर्यंत बाबा दारात येऊन उभे होते. चौकटीला टेकून, पण उभे. इस्त्रीच्या शर्टात.

"काय झालं?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "परीक्षेचा ताण आलाय पोरीला."

फवारेवाल्यानं पिस्तूल रोखलं. हिरवा दिवा लागला. त्यानं ते झटकून पुन्हा रोखलं. हिरवाच.

"ताप नाही यांना."

"गोळ्यांनी उतरलाय तो! श्वास मोजा ना. तिसाच्या वर आहे, बघा तरी छातीकडं!"

"श्वास मोजायचं मशीन नाही आमच्याकडं. ताप असेल तर न्यायचं, एवढंच सांगितलंय."

"अरे, आत्ताच कॉलेजच्या मॅडमनी फोनवर तपासलंय मला," बाबा म्हणाले. दोन शब्द बोलायचे, थांबायचे, असं करत त्यांनी ते पुरं केलं. "हिनंच मोजलं. अठरा. नियमित. पैकीच्या पैकी दिलेत हिला."

"मी खोटं सांगितलं!" डॉक्टरीण ओरडली. साऱ्या गल्लीनं ते ऐकलं. "खोटं सांगितलं मी मॅडमना!"

फवारेवाल्यानं काच वर केली आणि दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. काचेमागं तो घाबरलेला होता, हे तिला पहिल्यांदाच दिसलं. "परीक्षेत खोटं बोललीस म्हणतेस. मग आता खरं बोलतेयस कशावरून? शाळेत पाय ठेवायला जागा नाही, बाई. तापानं फणफणलेले ओट्यावर पडलेत. आणि धडधाकट माणसाला तिथं नेऊन टाकू?"

आई दारामागं येऊन उभी राहिली होती. तिच्या ओंजळीत पिकलेल्या अळ्या होत्या. तशाच घेऊन आली होती.

"आई, तू सांग. तू तरी सांग यांना."

आईनं नवऱ्याकडं पाहिलं. पंपाच्या नळीकडं पाहिलं. मग तिला शाळेचं फाटक आठवलं असेल, की ओंजळीत चाललेली वळवळ जाणवली असेल, ते तिचं तिला माहीत.

"बरे आहेत ते," आई म्हणाली.

फवारेवाल्याचा जीव भांड्यात पडला. काच खाली ओढून तो गाडीवर चढला, आणि जाताना, जुनं काही मनात ठेवलं नाही हे दाखवावं म्हणून, त्यानं या घरापुरता फवारा बंद ठेवायला सांगितलं. गाडी कोपऱ्यावरून वळली. डॉक्टरीण तिच्यामागं थोडी पळाली आणि मग थांबली, कारण रुग्णाला एकटं सोडायचं नव्हतं. आई केव्हाच आत गेली होती.

बाबा चौकटीला धरून हळूहळू खाली सरकले आणि उंबऱ्यावर बसले. तिनं त्यांना भिंतीला टेकवलं, शर्टाची उरलेली बटणं काढली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर. उलट समाधान होतं.

"वाचलो," ते म्हणाले. तेवढा एक शब्द पुरा करायला त्यांना मधे थांबून श्वास घ्यावा लागला.